पुंगळी नेमकी अडते कुठे?

डायमधून काढलेली पुंगळी रायफलीत घातली, बोल्ट पुढे ढकलला, आणि हँडल खाली येता येता शेवटच्या टप्प्यात अडलं. घरी काडतुसं भरणाऱ्याला हे आज ना उद्या भेटतंच. मग बहुतेक जण पाना उचलतात आणि डाय आणखी थोडी खाली फिरवतात. कधी तेवढ्याने भागतं. कधी भागल्यासारखं वाटतं आणि चार-पाच वापरांनंतर पुंगळीचे दोन तुकडे होतात, त्यातला अर्धा चेंबरमध्येच राहतो. या लेखाचं सांगणं एवढंच की डायला हात लावण्याआधी पुंगळी कुठे अडते आहे ते शोधा. अडण्याच्या जागा चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. त्यांतल्या दोन तर अशा की डाय खाली नेल्याने दुखणं वाढतं.

आधी कायद्याचं. हा छंद अमेरिकेत रुजलेला आहे आणि हा लेख तिथल्या मराठी वाचकांसाठी आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, ते पाहून घ्या. आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्ड मिळालं की ही अडचण उरत नाही. भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-नागपुरातल्या वाचकाने हे माहिती म्हणून वाचावं. दारू किती भरायची याबद्दल इथे एक अक्षरही नाही. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं असतं.

उदाहरणाला .३०८ विंचेस्टर घेऊ. १९५२ साली बाजारात आलेलं हे काडतूस आजही अमेरिकेतल्या रेंजवर सगळीकडे दिसतं. त्याची पुंगळी सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा पितळेची. खाली जाड बूड, वर निमुळतं होत गेलेलं अंग, मग उतरता खांदा आणि शेवटी गोळी धरणारी मान. बार उडाला की आतला दाब चौरस इंचाला बासष्ट हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबाने पितळ चेंबरच्या भिंतीला जाऊन चिकटतं आणि दाब उतरल्यावर जरासं मागे येतं, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून पुन्हा वापरण्याआधी ती डायमध्ये घालून आवळावी लागते. हे काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर टेकतं. बुडापासून खांद्यावरच्या एका ठराविक जागेपर्यंतचं अंतर हे म्हणूनच सगळ्यांत कळीचं माप. .३०८ मध्ये ती जागा म्हणजे जिथे खांद्याचा व्यास ०.४०० इंच असतो ती.

हे माप साध्या कॅलिपरने घेता येत नाही. कॅलिपरच्या जबड्याला लावायचा कंपॅरेटर मिळतो. हॉर्नेडीचा स्वस्त आणि पुरेसा आहे. तो दाखवतो तो आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळेलच असं नाही आणि जुळायची गरजही नाही, कारण आपल्याला हवा असतो फरक. तुमच्याच रायफलीतून उडालेली पुंगळी किती आणि डायमधून निघाल्यावर किती, एवढं कळलं की झालं. बोल्ट-ॲक्शन रायफल असेल तर खांदा एक ते दोन थाऊ, म्हणजे ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. सेमी-ऑटोमॅटिकला तीन ते पाच थाऊ लागतात. दोन थाऊ म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. सगळं भांडण एवढ्याशा अंतराचं आहे.

इथे एक बारकी गोष्ट राहून जाते. उडालेल्या पुंगळीतला वापरलेला प्रायमर बहुधा किंचित वर आलेला असतो किंवा त्यावर फायरिंग पिनच्या खड्ड्याची कडा उचललेली असते. पुंगळी तशीच मोजली की कॅलिपर बुडाऐवजी त्या उंचवट्यावर टेकतो आणि माप दोन-तीन थाऊ जास्त येतं. जेवढा फरक शोधायला बसलात, तेवढीच चूक मापात शिरली. म्हणून प्रायमर आधी काढा, बूड पुसा, मग मोजा. त्यातही एका पुंगळीवर जाऊ नका. पाच-सहा मोजा आणि सगळ्यांत लांब निघेल ती संदर्भाला ठेवा. नवी कोरी पुंगळी पहिल्या वापरात चेंबर पूर्ण भरतेच असं नाही, त्यामुळे एकदाच उडालेल्या पुंगळीवरून काढलेला आकडा थोडा तोकडा असण्याची शक्यता धरून चाला.

आता अडणारी पुंगळी हातात घ्या. दारू नाही, प्रायमर नाही, गोळी नाही, अशी निव्वळ रिकामी. भरलेलं काडतूस घरात रायफलीत घालून ‘बसतंय का’ ते पाहायचं नाही, कोणत्याही कारणाने नाही. बोल्टमधून फायरिंग पिन आणि जमलं तर इजेक्टरची स्प्रिंगही काढून ठेवा. इजेक्टर पुंगळीला सतत ढकलत असतो, आणि त्याचा जोर असताना बोटांना खरं काही कळत नाही. आता पुंगळीला काळ्या मार्करने बुडापासून तोंडापर्यंत रंगवा, शाई वाळू द्या, चेंबरमध्ये घालून बोल्ट जितका सहज जाईल तितकाच बंद करा आणि बाहेर काढा. जिथे घासलं, तिथे शाई गेलेली असेल आणि पितळ चमकेल. या एका मार्करने जेवढं कळतं तेवढं महागड्या गेजने कळत नाही, असं माझं मत आहे. विल्सनसारखे केस गेज चांगले असतात, पण ते कारखान्याच्या प्रमाण मापाशी तुलना करतात, तुमच्या चेंबरशी नाही. शिवाय बहुतेक गेज अंगाच्या बाजूने सैल असतात, त्यामुळे फुगलेलं बूड त्यांतून सुखरूप निसटतं.

शाई खांद्यावरची गेली असेल तर खांदा पुढे आहे. हेच नेहमीचं दुखणं, आणि इथेच एक विचित्र प्रकार घडतो. डायमध्ये न घातलेली, नुसती उडालेली पुंगळी त्याच चेंबरमध्ये आरामात जाते आणि डायमधून काढलेली अडते! टूथपेस्टची ट्यूब मधोमध दाबली की पेस्ट तोंडाकडे सरकते, तसंच आहे हे. डाय आधी अंग आवळते. आवळलेलं पितळ वर सरकतं आणि खांदा पुढे जातो. पुंगळी आणखी वर गेल्यावर डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडतो आणि मग कुठे तो मागे येतो. डाय अर्धवट वर ठेवली असेल तर पहिला भाग होतो, दुसरा होतच नाही. ‘जरा हलकंच आवळू, पितळ टिकेल’ असा हिशेब करणाऱ्याच्या वाट्याला हे हमखास येतं. इथे डाय खाली न्यायलाच हवी, पण मोजून.

डायचा आटा इंचाला चौदा वळणांचा असतो. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात ती एकाहत्तर थाऊ सरकते आणि दोन थाऊ हवे असतील तर जेमतेम दहा अंश फिरवायची. घड्याळाच्या तबकडीवर दोन मिनिटांहूनही कमी. पाना मारून ‘थोडी’ फिरवणारा माणूस सहज दहा थाऊ पुढे निघून जातो. डायवर आणि प्रेसवर मार्करची एकेक रेघ ओढा, थोडं फिरवा, एक पुंगळी आवळा, मोजा, परत थोडं. लॉक रिंग घट्ट करतानाही डाय हलते, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा एकदा मोजा. हा कंटाळा नको असेल तर रेडिंगचे पाच शेल होल्डरांचे (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्यांचे) संच येतात, नेहमीच्या होल्डरपेक्षा दोन ते दहा थाऊ जास्त उंचीचे. डाय शेल होल्डरला घट्ट टेकवून ठेवायची आणि माप होल्डर बदलून साधायचं. पैसे जातात, पण रोजची कटकट मिटते.

एकदा बसवलेली डाय रोज तेच माप देईल याची मात्र खात्री नाही. सात वेळा उडालेलं पितळ दोनदा उडालेल्यापेक्षा कडक असतं. ते जास्त उसळी मारून मागे येतं आणि प्रेसच्या सांगाड्यालाही जास्त ताणतं. दोन्हींमुळे खांदा पुढे राहतो. वंगण कमी लागलं तरी तेच. एकाच बैठकीत माप तीन-चार थाऊ इकडेतिकडे होत असेल तर डायशी खेळत बसू नका. पितळाचे गट वापरांच्या संख्येनुसार वेगळे करा, वंगण सारखं लावा, आणि प्रेसचं हँडल पूर्ण खाली आल्यावर दोन-तीन सेकंद तसंच धरून ठेवा. शेल होल्डरच्या खाचेत अडकलेला पितळेचा कण किंवा एक्स्ट्रॅक्टरने वाकवलेली पुंगळीची कड हेही माप बिघडवतं, आणि तिकडे कोणी बघत नाही.

खांदा मागे गेलेला दिसतो आणि पुंगळी डायमधून निघताना पुन्हा पुढे येते, असंही होतं. डायच्या आतला मान रुंदावणारा लोखंडी गोळा कोरड्या मानेतून ओढला जाताना खांद्यालाही बरोबर ओढतो. हँडल वर नेताना ‘कर्रऽ’ असा आवाज आला तर हाच गोळा बोलतो आहे असं समजा. मानेच्या आतून ग्रॅफाइट किंवा कोरड्या वंगणाचा ब्रश एकदा फिरवा. आवाज बंद झाला की मापही जागेवर येतं.

शाई बुडाच्या वर, साधारण अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्ट्यात गेली असेल तर गोष्ट वेगळी. रेंजवर वेचलेल्या किंवा लष्करी मशीनगनमधून उडालेल्या पितळात हे नेहमीचं आहे. ते भल्या मोठ्या चेंबरमध्ये फुगलेलं असतं आणि सामान्य डाय त्या जाड भागापर्यंत नीट पोचत नाही. डाय कितीही खाली नेली तरी बूड तसंच राहील, उलट खांदा मात्र नको इतका मागे जाईल. दुखणं वाढवणाऱ्या दोन जागांपैकी ही पहिली. इथे स्मॉल-बेस डाय लागते. स्वतःच्याच रायफलीतलं पितळ बुडाशी अडायला लागलं, किंवा बार झाल्यावर बोल्ट उचलताना वरच्या टोकाला ‘टक्’ लागून सुटू लागला, तर डाय बदलण्याआधी आपला भरणा जास्त दाबाचा तर नाही ना, हे मॅन्युअल काढून तपासा.

शाई फक्त मानेच्या टोकाला गेली असेल तर पुंगळी लांब झाली आहे. दर आवळण्यात पितळ पुढे वाहतं. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, आणि कापायची २.००५ पर्यंत. .२२३ रेमिंग्टनचे हेच आकडे १.७६० आणि १.७५०. लांबी आवळून झाल्यावर मोजायची, आधी नाही. हे दुखणं दुर्लक्षून बोल्ट दाबून बंद केला तर मान चेंबरच्या टोकात चिमटली जाते, गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो. डाय खाली नेल्याने लांबी कमी होत नाही, वाढते. ही दुसरी जागा.

आणि रिकामी पुंगळी सुरळीत बसते, पण रेंजवर भरलेलं काडतूस अडतं, असं असेल तर आवळायच्या (सायझिंग) डायचा दोषच नाही. गोळी बसवायची डाय फार खाली बसवली की ती पुंगळीच्या तोंडाला आवळायला जाते, मान दबते आणि खांदा किंचित बाहेर फुगतो. डोळ्याला दिसत नाही, शाईला दिसतं. ती डाय एखादा फेरा वर घ्या आणि गोळीची खोली आतल्या दांड्याने साधा. अडलेलं काडतूस जोर लावून बसवायचं नाही, बाहेर काढून बाजूला ठेवायचं. गॅरँड, एम१ए यांसारख्या रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते. काडतूस घट्ट असेल किंवा प्रायमर वर राहिला असेल, तर बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच बार उडू शकतो.

इथपर्यंत कमी आवळण्याची गोष्ट झाली. जास्त आवळण्याचं वाईट हे की ते जाणवत नाही. पुंगळी मऊसूत बसते, माणूस खूश होतो. पण खांदा सहा-आठ थाऊ मागे गेलेला असतो. बार होताना पुंगळीचा पुढचा पातळ भाग चेंबरला चिकटतो, जाड बूड मागे बोल्टवर आदळतं, आणि या ओढाताणीत बुडाच्या थोडं वर भिंत ताणून पातळ होते. पुढच्या वेळी परत मागे ढकलली, परत ताणली. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं, पण डायही तिथे खूण सोडते, म्हणून नुसत्या कड्यावरून निदान करू नका. कागदाला लावायची क्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवून धारदार घासा आणि आतून बुडापासून वर भिंतीवरून ओढत आणा. टोक चरीत अडकल्यासारखं वाटलं तर ती पुंगळी संपली. एक सापडली की त्याच गटातल्या सगळ्या तपासा. एकीची चर जाणवते आणि दुसरीची जाणवत नाही, याचा अर्थ दुसरी धडधाकट आहे असा नाही.

.३०३ वाल्यांना हे फार लवकर भोगावं लागतं. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर दिसायची तीच ही .३०३. तिचं काडतूस खांद्यावर नाही, कडेवर टेकतं, आणि ली-एन्फिल्डचे लष्करी चेंबर चिखल-मातीतही चालावेत म्हणून ऐसपैस ठेवलेले होते. त्यांतून निघालेली पुंगळी दर वेळी पूर्ण आवळली तर ती दोन-तीन खेपांत तुटायला लागते. तिथे खांदा आहे तिथेच राहू द्यावा, मान आणि अंगाचा वरचा भाग तेवढा आवळावा. .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या पट्ट्याबद्दलही असंच. कागदोपत्री ते पट्ट्यावर टेकतं, पण पितळ टिकवायचं असेल तर ते खांद्यावर टेकतं असं धरून डाय बसवावी.

वंगणाचं थोडक्यात. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये रुतते. जास्त लावलं तर खांद्यावर खळगे पडतात, कारण तेल दाबलं जात नाही, पितळ दबतं. लहान खळगा पुढच्या बाराला आपोआप निघतो, दुमडलेली धारदार घडी दिसली तर मात्र पुंगळी फेका. खळगे पुन्हा पुन्हा पडत असतील तर डायच्या बाजूचं हवेचं भोक तुंबलेलं असतं. लॅनोलिन-अल्कोहोलचा फवारा वापरणाऱ्यांच्या पुंगळ्या रुततात त्या घाईमुळे. अल्कोहोल उडून जायला काही मिनिटं द्यावीच लागतात. हँडलला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला की तिथेच थांबा, पुंगळी मागे घ्या, परत वंगण लावा. रुतलीच, तर डायचा आतला दांडा शक्य तेवढा वर घ्या, बुडाला प्रायमरच्या जागी भोक पाडून पाव इंची आटा पाडा आणि बोल्ट-वॉशर लावून ओढून काढा. त्याचं किट विकत मिळतं. हातोडीने ठोकून काढायला जाऊ नका, डाय बिघडते. आवळून झाल्यावर वंगण पुसायला विसरू नका. तेलकट पुंगळी चेंबरला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

गोळी अंगठ्याने आत जात असेल तर मान ढिली आहे. रुंदावणारा गोळा मोजा, .३०८ साठी तो ०.३०६ च्या आसपास हवा. तो बरोबर असेल तर पितळ कडक होऊन उसळी मारतं आहे आणि मानेला ताव द्यायची वेळ आली आहे. ताव फक्त मानेला आणि खांद्याला, ज्योतीखाली पुंगळी फिरवत, काही सेकंदच. बूड मऊ पडलं तर ती पुंगळी बॉम्बच समजा. तिला वाचवायचा उपाय नाही. खरं सांगायचं तर नवशिक्याने पहिली दोन-तीन वर्षं तावाच्या भानगडीत पडू नये. पितळ त्याहून स्वस्त आहे.

वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. पुंगळ्या घोळवून साफ करण्याचं काम घरातल्या ओट्याजवळ करू नका, मुलं खेळतात तिथे तर नाहीच. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. प्रेसवर बसताना डोळ्यांना चष्मा हवाच.

बाद ठरलेली पुंगळी डब्यात नुसती टाकली तर महिन्याभराने ती चांगल्या पुंगळ्यांत परत येते, तुमच्या नाही तर दुसऱ्याच्या हातून. बाद केली त्याच क्षणी पक्कडीने तिची मान चेपा. भंगारवाला पिवळ्या पितळेचा वजनावर भाव देतो. त्याला देण्याआधी एखाद्या पुंगळीत न उडालेला प्रायमर राहिलेला नाही ना, हे एकेक उलटून पाहा.